मुंबईत विजेची ट्राम येणार होती, म्हणून सौर वादळांची नोंद अलिबागला गेली

मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत आकाश लालभडक झालं होतं. ते फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. त्यामागे होता सूर्यावरच्या डागांचा एक मोठा पुंजका आणि त्यातल्या चुंबकीय क्षेत्राला बसलेला पीळ.

हा पीळ सुटला की पृथ्वीवर काय घडतं, याचा साठ वर्षांचा हिशेब मांडला मुंबईच्या नानाभॉय मूस यांनी.

आधी पीळ समजून घेऊ. आमच्या तेलगावकडं दावं वळताना पीळ जास्त झाला की दोरी स्वतःभोवतीच वेटोळी होते. सूर्यावर काहीसं तसंच होतं. सूर्य घट्ट गोळा नाही. त्याचा मधला पट्टा साधारण २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडचा भाग बराच रेंगाळतो. त्यामुळे चुंबकीय बलरेषा ताणल्या जातात, त्यांचे जणू दोरखंड बनतात आणि आतल्या खळबळीने त्यांना पीळ बसतो. हे दोरखंड पृष्ठभागावर आले की डाग दिसतात. पिळात ऊर्जा साठत जाते. ताण हाताबाहेर गेला की बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, भडका उडतो आणि कधीकधी तापलेला वायू पृथ्वीच्या दिशेने सुटतो.

१ सप्टेंबर १८५९ ला असाच भडका उडाला. दुसऱ्या दिवशी कुलाबा वेधशाळेत चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं कोलमडली.

मूस यांचा जन्मही १८५९ चाच. सिव्हिल इंजिनिअरिंग झालं, मग एडिनबरात विज्ञान शिकले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

आणि मग ट्रामचं संकट आलं. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे नाजूक चुंबकसुई सूर्याऐवजी ट्रामच्या तालावर डोलली असती. ट्राम थांबवणं शक्य नव्हतं. मूस यांनी वेधशाळेचा चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. लोखंड टाळून, पोरबंदरचा दगड वापरून इमारती उभ्या राहिल्या. पण खरी हुशारी पुढे आहे. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे जोडता यावेत. १९०७ मध्ये ट्राम धावली, तोवर काम झालं होतं.

सूर्यडागांत चुंबकीय क्षेत्र असतं हे अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं. १९१० मध्ये मूस यांचे दोन जाडजूड खंड आले. त्यात १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी होत्या. वादळात पृथ्वीचं चुंबकीय बल आधी घसरतं आणि मग सावकाश सावरतं, हे त्यातून दिसलं.

१९३६ मध्ये मूस गेले. १८५९ च्या वादळाचे कुलाब्यातले आकडे २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्याची ताकद जगाला नीट कळली. अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे.