विष्णुपंत गोविंद दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर, १८९२, पेण - ५ जुलै, १९४५, पुणे) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक होते. प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. चित्रपटसृष्टीत ते दामलेमामा या नावाने परिचित होते. 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचे सहदिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. मात्र मराठी बोलपटाच्या आरंभकाळी प्रभातच्या ध्वनिविभागाची धुराही त्यांनीच वाहिली.

कोल्हापुरातील जडणघडण

कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात दामले यांनी नाटकांचे पडदे रंगवण्याचे काम शिकले. बाबूरावांनी स्वदेशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध केला, त्या यांत्रिक खटपटीत दामले यांचा मोठा हात होता. पुढे ते महाराष्ट्र फिल्म कंपनीत विविध जबाबदाऱ्या सांभाळू लागले. एस. फत्तेलाल (साहेबमामा) यांच्याशी त्यांचे सूर येथेच जुळले. या दोघांनी १९२८ साली 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह दामले यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली.

ध्वनिमुद्रणाचे कार्य

मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि मूकपट बनवणाऱ्या कंपन्यांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठी व हिंदीत सादर केला. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट पहिला मराठी बोलपट मानला जातो. तोवर रंग, लाकूड आणि भिंगांशी निगडित राहिलेल्या दामले यांना आता विद्युत्-ध्वनीचे सर्वस्वी नवे शास्त्र आत्मसात करावे लागले.

त्या काळचे सारे ध्वनिमुद्रण निर्वात नलिकांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, अवलंबून होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तयार केलेल्या तीन अग्रांच्या नलिकेतून हे तंत्र विकसित झाले. ध्वनिग्राहकातून येणारा अत्यंत क्षीण विद्युत्‌संकेत व्हॉल्व्हच्या अनेक टप्प्यांतून वाढवला जाई आणि मग प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी उमटवली जाई. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वी नट कॅमेऱ्यासमोरच गात असत आणि वादक चौकटीबाहेर बसत. एक चूक झाली तरी संपूर्ण दृश्य पुन्हा चित्रित करावे लागे.

व्हॉल्व्हला क्षमतेपेक्षा अधिक संकेत मिळाला की ध्वनिलहरींचे माथे एकदम छाटले न जाता हळूहळू गोलावतात. त्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. एकेरी ट्रायोड टप्प्यात दुपटीच्या कंपनसंख्येचा उपस्वर ठळक असतो. मध्य सप्तकातील षड्जाच्या बाबतीत हा उपस्वर तार षड्ज होय. तिपटीचा उपस्वर तार सप्तकातील पंचम ठरतो. हे स्वर मूळ स्वराशी संवादी असल्याने विकृतीचे प्रमाण अल्प असेल तेव्हा आवाज भरदार वाटतो. ती वाढली की मात्र शब्द अस्पष्ट होतात. संवाद आणि पदे प्रेक्षकाला नीट कळणे हे बोलपटाचे पहिले प्रयोजन असल्याने, त्या काळच्या ध्वनिमुद्रकासाठी ही विकृती आवरण्याचा दोष होती. अंकीय ध्वनिमुद्रणाच्या काळात संगीतनिर्माते आवाजाला ऊब यावी म्हणून व्हॉल्व्हची उपकरणे हेतुपुरस्सर वापरतात. दामले यांच्या पिढीला असा पर्याय नव्हता.

दिग्दर्शन

१९३३ मध्ये प्रभात पुण्यास स्थलांतरित झाली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली, तर संगीत केशवराव भोळे यांचे होते. चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांमध्ये स्थान मिळाले. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग अनेकांनी तुकोबांचाच समजला. त्यानंतर या जोडीने 'गोपाळकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले. 'संत सखू' (१९४१) च्या दिग्दर्शनात राजा नेने त्यांच्यासोबत होते.

अखेर व वारसा

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी, दामले यांचे पुण्यात निधन झाले. पुढील दशकात प्रभातही बंद पडली. तिच्या आवारात आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था असून, तेथे ध्वनिमुद्रणाचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते. दामले यांना मात्र हे शास्त्र प्रत्यक्ष कामातूनच शिकावे लागले होते.