दारावरून घरी आलेला शल्यविशारद

बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्याला लंडनची थ्रेडनीडल स्ट्रीट ठाऊक असते ती बँक ऑफ इंग्लंडमुळे. पण जिथे पुढे त्या बँकेची इमारत पसरली, तिथल्याच एका घरात ६ जानेवारी १७१४ रोजी पर्सिव्हल पॉट यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. १७२९ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते एडवर्ड नूर्स या शल्यविशारदाच्या हाताखाली उमेदवारीला लागले. १७४९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांना शल्यविशारदाचं पूर्ण पद मिळालं.

१७५६ मध्ये ओल्ड केंट रोडवर ते घोड्यावरून कोसळले. पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. थंडी कडाक्याची, पण पॉटनी कोणाला हात लावू दिला नाही. मोडलेला पाय हिसकला की संपलं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? त्यांनी पालखीवाले बोलावले. ते येईपर्यंत जमिनीवर पडल्या पडल्या एका दाराचा सौदा केला. दाराला पालखीचे दांडे ठोकायला लावले आणि त्यावर आडवे होऊन लंडन ब्रिजवरून घर गाठलं.

घरी जमलेल्या सहकाऱ्यांचा निर्णय झाला, पाय कापायचा. त्या काळी उघडी जखम म्हणजे पू, ताप आणि बहुधा मरणच. पॉटनीही मान्यता दिली. हत्यारं मांडून झाली, एवढ्यात गुरू नूर्स आले. त्यांनी पाय नीट पाहिला आणि वाचवून बघू या म्हणून सुचवलं. पाय खरोखरच वाचला.

सक्तीच्या त्या विश्रांतीत पॉट लिहू लागले. पुढे हाडांच्या मोडींवरच्या ग्रंथात त्यांनी घोट्याच्या एका मोडीचं असं वर्णन केलं, की तिला त्यांचंच नाव चिकटलं. ती मोड त्यांची स्वतःची, असा समज आहे. तो खरा नाही. त्यांचा उपाय साधा होता. गुडघा वाकवून ठेवायचा, म्हणजे स्नायू सैल पडतात आणि ओढाताणीशिवाय हाड जुळतं; मग बाहेरून फळ्या बांधायच्या. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हेही त्यांनीच १७७५ मध्ये दाखवलं. २२ डिसेंबर १७८८ रोजी ते गेले.

त्यानंतर भूल आली, निर्जंतुकीकरण आलं, १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि हाड आतूनच बांधता येऊ लागलं. घोट्यातलं हाड एक मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी सांध्यातला स्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असं १९७६ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून आज प्लेट आणि स्क्रू लावतात. डोळ्यांसमोर हाड अचूक जुळतं. पण चीर मोठी, आणि वयस्क किंवा मधुमेही माणसाची पातळ कातडी तिथे सहज चिघळते. दुसरा मार्ग हाडाच्या पोकळीतून सळई घालण्याचा. चीर लहान, जखमेचा त्रास कमी. मात्र हाड नजरेआड जुळवावं लागतं. तरण्या माणसाला प्लेट परवडते, आजीच्या नाजूक कातडीला कदाचित सळई बरी.

सगळ्यांना एकच उपाय नाही. निर्णय झाल्यावरही पाय पुन्हा एकदा पाहणारा कोणी नूर्स मात्र प्रत्येकाच्या उशाशी हवा.