राजर्षी शाहू छत्रपती : सर्व धर्मांस एक छत्र

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपल्याच ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापावे, अशी रूढी आहे. ह्या वर्षी त्या रूढीस किंचित बाजूस सारून अशा एका राजाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, की ज्याच्या आश्रयामुळे अनेक ज्ञातींना आपल्या मुलांसाठी पहिले वसतिगृह उभारता आले.

कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट येथे व पुढे धारवाडास फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांनी हाती घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. देह धिप्पाड, शिकारीचा व कुस्तीचा अतोनात नाद, वागणे साधे. ह्या तरुण राजाच्या हातून पुढे काय घडणार आहे, याची कल्पना त्या वेळी फारच थोड्यांना असेल.

१८९९ च्या कार्तिक मासात महाराज पंचगंगेवर स्नानास जात असत. मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत एके दिवशी सोबत होते. राजाच्या स्नानसमयी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, हे शास्त्रीबोवांनी ध्यानात आणून दिले. विचारणा करता पुरोहिताचे उत्तर असे पडले की, शूद्रास वेदमंत्रांचा अधिकार नाही. राज्याचा धनी, छत्रपतींच्या गादीचा वारस, आणि त्यास स्वतःच्याच नदीकाठी असे ऐकावे लागले! येथून वेदोक्त प्रकरण पेटले. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले तेव्हा त्यांची इनामे जप्त झाली. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे वाद माजला.

दुखावलेल्या मनुष्यापुढे अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. आपला मान तेवढा पदरात पाडून घेऊन स्वस्थ बसावे, हा एक. दुसरा त्याहून वाईट : परधर्मीयांकडे बोट दाखवून स्वधर्मीयांची वाहवा मिळवावी. महाराजांनी आपला हक्क सोडला नाही, हे खरे. परंतु दारावर जे कुलूप आहे ते आपल्या एकट्यापुरते नाही, हे त्यांनी ओळखले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, चांभार यांची मुले विद्येच्या बाहेर उभी होती. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारचा जाहीरनामा निघाला व राज्याच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. त्यातून जे वर्ग वगळले त्यांत ब्राह्मण, प्रभू, शेणवी यांच्या जोडीस पारशीही होते. मुसलमान मात्र वगळलेले नव्हते. ह्या गोष्टीकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. अर्जदाराचा देव कोणता, हे त्या जाहीरनाम्याने पाहिले नाही. तो मागे किती राहिला, एवढेच पाहिले.

परंतु नोकरीस लागणारी विद्या मुलाने शिकावी कोठे? खेड्यातून आलेल्या परजातीच्या मुलास शहरात कोणी खोली देत नसे. १८९६ साली राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह काढून पाहिले, पण थोड्याच काळात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. तेव्हा महाराजांनी निराळी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे लिंगायत समाजासाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि कालांतराने ख्रिस्ती व इतर विद्यार्थ्यांसाठीही अशीच सोय झाली.

मुसलमान समाजाची हकीगत विशेष सांगण्यासारखी आहे. शहरातील मुसलमान पुढाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावे म्हणून महाराजांनी प्रथम खटपट केली. तिला लवकर यश आले नाही. मुलांचे वर्ष मोठ्यांच्या चर्चेकरिता थांबत नसते, हे आम्हां शिक्षकांस चांगलेच ठाऊक आहे. महाराजांनी काही मुसलमान मुलांची सोय सरळ मराठा बोर्डिंगातच करून दिली. पुढे १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले व वसतिगृहास जागेची आणि खर्चाची मदत केली. दसरा चौकात ते आजही मुस्लिम बोर्डिंग ह्या नावाने ओळखले जाते. कुराणाचे मराठीत भाषांतर करविण्याचे कामही महाराजांनी हाती घेतले होते. शेजाऱ्याचा धर्मग्रंथ आपल्या भाषेत वाचता यावा, हा हेतू किती दूरदर्शी!

शाळांतून आपण सर्वधर्मसमभाव शिकवितो तो बहुधा प्रार्थना व तसबिरी यांच्या द्वारे. महाराजांच्या हिशेबी तो तांदूळ, दिव्याचे तेल आणि निजावयाची जागा यांत मोजला जात असे. कलावंतांच्या बाबतीतही तेच. गानमहर्षी अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारी होते आणि खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. चित्रकार आबालाल रहिमान यांस दरबाराचा आश्रय होता. १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले तेव्हा तेथे पंजाबचे इमामबक्ष लढले. कोल्हापूरकरांस ह्यात नवल वाटले नाही, आणि हेच नवल!

निरनिराळ्या वसतिगृहांमुळे जातिभेद व धर्मभेद पक्के झाले, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. त्यात मुळीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. परंतु त्या काळी प्रत्येक समाज आपल्याच मुलांसाठी पैसा देण्यास तयार होता, ही वस्तुस्थिती होती, आणि सर्वांसाठी काढलेले वसतिगृह फसलेले महाराजांनी पाहिले होते. धोका त्यांसही दिसत होता. ज्ञातिपरिषदा ह्या जात बळकट करण्यासाठी नव्हेत, हे त्यांनी पुढील काळात अशाच परिषदांच्या व्यासपीठावरून बजावले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसविली. वेगळ्या खोलीतून एका वर्गात, असा तो क्रम होता. आपल्यापैकी कित्येक संस्था पहिल्या पायरीवरच रेंगाळल्या, हा दोष महाराजांचा खचित नव्हे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आला होता. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्यास बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यास आपल्याकडे ठेवून घेतले. ह्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एकाच पंक्तीस जेवीत. मुलांच्या धान्यास पैसा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिन्यांपाठोपाठ मंगळसूत्रही मोडावयास दिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव ठेविले, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.