माइनक्राफ्टमधलं अँड गेट आणि जॉर्ज बूल

माइनक्राफ्टमध्ये मी खजिन्याच्या खोलीला लोखंडी दार लावलं. दोन्ही लिव्हर ओढले तरच ते उघडावं, असा माझा बेत. दोन्हींपासून रेडस्टोन डस्ट टाकत दारापर्यंत आणली. झालं भलतंच! एकच लिव्हर ओढला तरी दार उघडं. मला हवं होतं अँड गेट आणि बनलं होतं ऑर गेट. चूक शोधता शोधता मी पोचलो जॉर्ज बूल यांच्यापाशी.

बूल यांचा जन्म 1815 साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील जोडे शिवायचे, पण लक्ष दुर्बिणी बनवण्यात. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी जॉर्जवर घर चालवायची वेळ आली. तो शाळेत शिकवू लागला. स्वतः कॉलेजात कधी शिकला नाही. गणित पुस्तकं वाचूनच शिकला. तरीही 1844 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिलं आणि 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांची बायको मेरी म्हणजे, ज्यांचं नाव एव्हरेस्ट शिखराला दिलंय त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी.

बूल यांना विचार करण्याचंही गणित मांडायचं होतं. 1847 आणि 1854 च्या पुस्तकांत त्यांनी ते मांडलं. खरं म्हणजे 1, खोटं म्हणजे 0. ‘आणि’ म्हणजे गुणाकार. 1 गुणिले 1 बरोबर 1. एक जरी 0 आला तरी उत्तर 0. अरे, हेच तर माझं दार!

1864 मध्ये बूल भर पावसात चालत कॉलेजला गेले आणि ओल्या कपड्यांतच शिकवलं. त्यातून आजारी पडले आणि 8 डिसेंबरला गेले. वय फक्त 49. त्यांच्या गणितावर चालणारं एकही सर्किट त्यांनी पाहिलं नाही. तारा आणि स्विचनाही हेच गणित लागू पडतं, हे क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने दाखवलं 1937 मध्ये.

आता माझं दुरुस्त दार बघा. तीन ब्लॉक एका ओळीत ठेवा. कडेच्या दोन्ही ब्लॉकवर वर रेडस्टोन टॉर्च आणि पुढच्या बाजूला लिव्हर. मधल्या ब्लॉकवर डस्ट, आणि त्याच्या मागच्या बाजूला तिसरा टॉर्च. ब्लॉकला सिग्नल मिळाला की त्याला लावलेला टॉर्च विझतो. हे झालं नॉट गेट. एक जरी लिव्हर बंद असला तरी वरचा एक टॉर्च पेटलेला राहतो, डस्टला सिग्नल मिळतो आणि तिसरा टॉर्च विझलेला. दोन्ही ओढले की वरचे दोन्ही विझतात, तिसरा पेटतो. त्याच्यापासून दारापर्यंत डस्ट न्या, पण 15 ब्लॉकपर्यंतच. पुढे सिग्नल संपतो.

तुमच्या मोबाईलच्या चिपमध्येही असेच गेट असतात, फक्त अब्जावधी ट्रान्झिस्टरचे. पुढच्या वेळी दार उघडलं, की पावसात भिजलेल्या त्या मास्तरांची आठवण काढा. मी तरी काढतो.