घुमटातली बाळं

शेजारच्या बाळाने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले आणि आपले वर्षाचे झाले तरी रांगतेच आहे, म्हणून झोप उडालेले आईबाप घरोघर सापडतील. अमुक महिन्यात मुलाने अमुक करावे, हे कोष्टक आले कुठून, याचा माग काढता काढता मी डॉ. आर्नोल्ड गेझेल यांच्यापाशी येऊन पोचलो.

१८८० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपीकाठच्या आल्मा गावी त्यांचा जन्म झाला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. त्यांच्या कामात मला या दोघांचाही हात दिसतो. १९११ साली त्यांनी येल विद्यापीठात बालविकासाचे केंद्र काढले आणि ते सांभाळून १९१५ साली वैद्यकीय पदवीही मिळवली.

पुढे त्यांनी एक घुमट उभारला. आत बाळ, भोवती कॅमेरे, पाहणारे पडद्याआड. बाळापुढे लाल ठोकळे, घंटा, एखादी बारीक गोळी ठेवायची आणि बघत बसायचे. सातेक महिन्यांचे बाळ ती गोळी अख्ख्या पंजाने ओढते. नऊ-दहा महिन्यांचे अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरते. आयांना हे ठाऊकच होते. गेझेल यांनी ते आठवड्यांच्या हिशेबाने टिपले.

१९२९ सालचा जुळ्या बहिणींचा प्रयोग तर फारच बोलका. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवले, दुसरीला मोकळे सोडले. नंतर दुसरीला जेमतेम दोन आठवडे शिकवले, तर ती पहिलीच्या बरोबरीला आली! नर्सरीच्या प्रवेशासाठी पोरांकडून घोकंपट्टी करून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

पण म्हणून 'बोलेल हळूहळू' म्हणत स्वस्थ बसावे, असे गेझेल यांनी कधीच मानले नाही. मागे पडलेले मूल लवकर ओळखता यावे, यासाठीच तर तो सारा खटाटोप होता.

त्यांचे दोषही होते. मुले न्यू हेवनच्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली, आणि त्यांची सरासरी लावली गेली साऱ्या जगाला. मिदनापूरच्या लांडग्यांत वाढलेल्या कमलेची कथा खरी मानून १९४१ साली त्यांनी पुस्तकही लिहिले. त्या कथेवर पुढे अभ्यासकांचा विश्वास उरला नाही.

१९६१ साली ते गेले. १९६७ साली साध्या दवाखान्यातही करता येणारी डेन्व्हर चाचणी आली. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवरून मापे बसवली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आता ९, १८ आणि ३० महिन्यांना प्रत्येक मुलाची अशी तपासणी करायला सांगते, आईबापांची तक्रार असो वा नसो.