आईसाठी भाकरी मागताना जिला शब्द फुटला नाही, तिने केडगावात दोन हजार जणींना घर दिलं

साल 1874 च्या आसपासचं. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडायला सुरुवात झाली होती. एक सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या बाईच्या दारात उभी होती. तापात बरळणाऱ्या आईला बाजरीची भाकरी हवी होती आणि घरात दाणा नव्हता. मुलगी संस्कृतची पंडिता. हजारो श्लोक तोंडपाठ. पण भीक मागायला तोंड उघडेना, नुसत्या डोळ्यांतून धारा. त्या बाईने कसंबसं काढून घेतलं आणि भाकरीचा तुकडा दिला. मुलगी धावत घरी आली, पण आईच्या अंगात तो खाण्याचीही ताकद उरली नव्हती. थोड्याच दिवसांत आई गेली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

23 एप्रिल 1858 ला सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून लोकांनी त्रास दिला म्हणून ते रानात जाऊन राहिले होते. पुढे कर्ज झालं, घर सुटलं आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरायला लागलं. दुष्काळात सगळे झाडपाल्यावर जगले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारत फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर जाऊन बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. वय 23, पदरात तान्ही मुलगी.

मग त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगासमोर मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. इथे महाराष्ट्र त्यांच्यावर चिडला तो कायमचा. गंमत म्हणजे चर्चलाही त्या फारशा झेपल्या नाहीत. बाईने पुरुषांना शिकवू नये, हे बिशपांचं म्हणणं त्यांना पटलं नाही आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, इथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. पण 1893 मध्ये वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, धर्मांतर होतंय, असा आरोप झाला. केसरीने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी बघितलं तर पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती, कारण रमाबाई आपली श्रद्धा लपवणाऱ्या नव्हत्या. पण सदन बंद पडलं तर विधवांनी जायचं कुठे, याचं उत्तरही टीकाकारांकडे नव्हतं.

आणि मग आला 1896 चा दुष्काळ.

मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या तशी रमाबाईंना आपली आई आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांमध्ये पोरी हाडांचे सापळे झालेल्या, आणि भुकेल्या तरुण मुलींना फूस लावून नेणारे दलाल आसपास टपलेले. आपल्याकडे पैसे किती, जागा किती, हा हिशोब त्यांनी बाजूला ठेवला आणि शेकडो मुली सोबत आणल्या.

पण पुण्यात प्लेग शिरलेला. एवढ्या मुली शहरात ठेवायची सोय नव्हती. मग पुण्याहून साठ किलोमीटरवर, केडगावला सदनाच्या खर्चासाठी म्हणून घेतलेली फळबागेची जमीन होती, तिथे गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. त्याच वर्षी सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं.

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्याही मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. एवढ्यांना रोज दोन वेळ जेवू घालायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. पण नुसतं जेवू घालणं रमाबाईंना पुरेसं वाटत नव्हतं. कुणी शेतीत, कुणी मागावर, कुणी तेलाच्या घाण्यावर. फसवल्या गेलेल्या, कुणीच दारात उभं न करणाऱ्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींना ब्रेल शिकवायची जबाबदारी मनोरमाबाईंनी घेतली.

1919 मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, आईच्या आधी. रमाबाईंचं तेव्हा एक काम अर्धवट होतं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. 5 एप्रिल 1922 ला केडगावलाच त्यांचं निधन झालं.

पुस्तक 1924 मध्ये निघालं, सदनाच्याच छापखान्यातून. खिळे जुळवायला आणि छपाईला तिथल्याच बायका होत्या.