म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले (१८२७-१८९०) यांच्या चरित्राची मांडणी बहुधा तीन केंद्रांभोवती केली जाते : १८४८ मधील मुलींची शाळा, १८७३ मधील सत्यशोधक समाजाची स्थापना आणि त्यांचे ग्रंथकर्तृत्व. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, याची नोंद चरित्रग्रंथांत असते. परंतु त्यांच्या लेखनाच्या संदर्भात तिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. वस्तुतः रस्ते, गटारे, पाणी आणि दिवे यांसाठीचा पैसा कोणाकडून येतो व कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न या वर्षांत त्यांच्यासमोर प्रत्यक्ष कारभाराच्या रूपाने उभा राहिला. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे आडनाव मिळाले. जोतीराव स्वतः शेती करीत, तसेच बांधकामाची कंत्राटेही घेत. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे काम यांसारख्या सार्वजनिक बांधकामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध आला. दगड, चुना, मजुरी, मोजमाप आणि बिले हा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता. बांधकाम खात्यातील कामगारांच्या लबाडीवर त्यांनी पवाडा रचला, त्यामागे हा अनुभव होता. सार्वजनिक कामातला पैसा मजुराच्या हाती पोहोचेपर्यंत वाटेत कोठे झिरपतो, हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

नागरी सोयींच्या वाटपाविषयीची त्यांची भूमिका सभासदत्वापूर्वीच आचरणात आलेली होती. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शहराचे रस्ते झाडणारा, मैला वाहणारा वर्ग ज्या जातींतून येत होता, त्यांनाच सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव होता. शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांना पिण्याचे पाणी नाकारणारी ही व्यवस्था नगरपालिकेच्या नियमांनी निर्माण केलेली नव्हती. मात्र नगरपालिकेचा सारा आरोग्यविषयक कारभार तिच्यावरच आधारलेला होता. जोतीरावांनी या विसंगतीला प्रथम स्वतःच्या अंगणात उत्तर दिले.

१८७६ मध्ये त्यांची नियुक्ती झाली ती सरकारकडून. स्थानिक स्वराज्यासंबंधीचा लॉर्ड रिपन यांचा ठराव १८८२ मधला. त्यापूर्वीच्या नगरपालिकेत सामान्य करदात्याला फारसा आवाज नव्हता. उत्पन्नाचा मोठा भाग जकातीतून येत असे. म्हणजे शहरातील रस्त्यांचा व दिव्यांचा खर्च भाजीपाल्याची गाडी घेऊन नाक्यावर येणारा खेडूतही उचलीत होता, आणि सभागृहात त्याच्या बाजूने बोलणारे क्वचितच कोणी होते. जोतीरावांच्या सभासदत्वाचे महत्त्व या ठिकाणी आहे. त्यातच १८७६-७७ चा दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. खेड्यातील उपासमार आणि शहरातील अंदाजपत्रक ही दोन्ही एकाच वेळी पाहणारा हा सभासद होता.

या कारकिर्दीतील दोन प्रसंग १८८० मधले आहेत. जुलै महिन्यात त्यांनी कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. लोकांच्या आरोग्याची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेने केवळ गटारांकडे पाहून थांबावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपयांच्या खर्चास मंजुरी मागण्यात आली, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारनियुक्त सभासदाने सरकारी सन्मानाच्या खर्चाला विरोध करावा, ही घटना लक्षणीय आहे.

नव्या मंडईचा वाद त्यापेक्षा गुंतागुंतीचा होता. शनिवारवाड्यासमोरील उघड्या बाजाराऐवजी पक्की, स्वच्छ इमारत असावी, या मागणीत तथ्य नव्हते असे नाही. उघड्यावरील भाजीबाजारात घाण साचते, ही तक्रार रास्तच होती. तरीही जोतीरावांनी या मोठ्या खर्चास विरोध केला. शाळांना पैसा अपुरा पडत असताना इमारतीवर तो घालणे त्यांना उचित वाटले नाही. हा विरोध स्वच्छतेला होता, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. तो खर्चाच्या अग्रक्रमाला होता. तथापि, या भूमिकेत नागरी आरोग्याची निकड काहीशी मागे पडली, हा आक्षेपही अभ्यासकाने विचारात घ्यावयास हवा. अखेर इमारत झालीच. १८८६ मध्ये 'रे मार्केट' सुरू झाले.

ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. स्वाक्षरीखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी दिली आहे. या तीन नात्यांचा संयोग पुढील वर्षी पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आढळतो. शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्यावरील जकातीची तक्रार, सरकारी पट्ट्यांचा हिशेब, शेतकऱ्याच्या घरादाराचे व भोवतालच्या अस्वच्छतेचे निःसंकोच वर्णन या सर्वांत कारभार जवळून पाहिलेल्या माणसाची नजर आहे. गरिबाच्या अंगणातील घाण हा त्याचा स्वभावदोष न ठरविता तिची कारणे कर, कर्ज आणि अज्ञान यांत शोधणे, हे या गद्याचे वैशिष्ट्य होय.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. सरकारने सैनिकांकरवी घरे तपासून स्वच्छतेची सक्ती केली. सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव लागावे, यातील विरोधाभास अनेकांनी टिपला आहे. पण ती वास्तू ज्यांच्या जकातीवर आणि श्रमावर उभी राहिली, त्या वर्गाचे नाव तिच्यावर आले, हेही तितकेच खरे.